पेशींची रद्दी, पेशींची पत्रं

दिवाळीआधीच्या रविवारी मी ठाण्याला ताईकडे गेले, तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माळ्यावरची सगळी रद्दी खाली आली होती. दारात रद्दीवाले काका तराजू टांगून बसले होते आणि माझी सहावीतली भाची सुतळीनं गठ्ठे बांधून त्यांच्याकडे सरकवत होती. तेवढ्यात एका जुन्या दिवाळी अंकातून एक निळा कागद घसरून खाली पडला.

"मावशी, हे काय गं? कुठल्या तरी गोळ्या-बिस्किटांचा कागद?"

गोळ्या-बिस्किटं कसली! ते आंतर्देशीय पत्र होतं. १९९९ सालचं. आजीनं रत्नागिरीहून ताईला लिहिलेलं.

"मग पाकीट कुठंय?"

"पाकीट वेगळं नसतंच. ज्या कागदावर लिहायचं, त्यालाच घड्या घालायच्या आणि कडा चिकटवायच्या. आत मजकूर, बाहेर पत्ता."

भाचीनं त्या कागदाच्या घड्या तीनदा घातल्या आणि तीनदा उलगडल्या. मग एकदम म्हणाली, "बाप रे! हे आत्ता किलोच्या भावानं गेलं असतं!"

पत्रात काय होतं ते मी तुम्हाला सांगणार आहे, पण शेवटी. कारण त्या क्षणी मला हसूच आलं. हाच घोटाळा जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही झाला होता. त्यांनीही पत्रं रद्दी समजून बाजूला ठेवली होती, आणि ती पत्रं होती तुमच्या-माझ्या अंगातली!

पेशी बोलतात कशा?

आपल्या शरीरात पेशी किती असतील? हिशेब ३० लाख कोटींच्या आसपास जातो. अख्ख्या पृथ्वीवर माणसं आहेत ८०० कोटींच्या थोडी वर. म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त पृथ्व्यांवर मावेल एवढी वस्ती एकट्या तुमच्यात राहते. आणि ही वस्ती भांडणतंटा न करता तुम्हाला शाळेत नेते, पोळी पचवते, खरचटलेला गुडघा बरा करते. एकमेकींशी बोलल्याशिवाय हे जमेल का?

तर पेशी बोलतात. शेजारणी-शेजारणी भिंतीला भिंत लावून कुजबुजतात. मज्जापेशी लांबच लांब तारा टाकून निरोप धाडतात. काही पेशी रक्तात संप्रेरकं सोडतात. ही म्हणजे दवंडीच. जेवण झालं की स्वादुपिंड इन्सुलिनची दवंडी पिटतं, "साखर आली, आत घ्या हो!"

पण दवंडीत मजकूर केवढासा? लांबलचक काही सांगायचं असेल, सोबत चार वस्तूही द्यायच्या असतील, तर? तर पत्र हवं. पार्सलच हवं. आणि पेशींकडे ते असतं.

पेशी स्वतःच्या पातळ आवरणाचाच एक तुकडा घेते, त्याची इवलीशी बंद पिशवी करते, आत सामान भरते आणि बाहेर सोडून देते. वेगळं पाकीट नाही. पेशीचं आवरण हेच पाकीट, आपल्या आंतर्देशीय पत्रासारखं! अशा पिशवीला म्हणतात पुटिका. ती पेशीच्या बाहेर फिरते, म्हणून पेशीबाह्य पुटिका. आत काय असतं? प्रथिनं असतात, स्निग्ध पदार्थ असतात आणि आरएनए नावाच्या रेणूवर लिहिलेल्या चिठ्ठ्याही असतात.

मोहरी आणि केस

ही पिशवी केवढी असते? पट्टीवरचा एक मिलिमीटर घ्या आणि त्याचे दहा लाख सारखे भाग करा. एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सगळ्यांत छोट्या पुटिका साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात. त्यांना एक्सोसोम म्हणतात.

नाही ना डोळ्यांसमोर येत? मग असं करू. एक एक्सोसोम फुगवून मोहरीच्या दाण्याएवढा झाला असं समजा. त्याच पटीत तुमच्या डोक्यावरचा एक केस फुगवला, तर तो केवढा जाड होईल? जवळजवळ तुमच्या उंचीएवढा! म्हणूनच शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून एक्सोसोम दिसत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

या सूक्ष्मदर्शकानंही एक गंमत केली. सुरुवातीच्या छायाचित्रांत एक्सोसोम वाटीसारखे, मधे खोलगट दिसायचे. कितीतरी वर्षं पुस्तकांत छापलं जायचं, की त्यांचा आकार वाटीसारखा असतो. मग त्यांना सुकवण्याऐवजी झटक्यात गोठवून पाहिलं, तर काय? चांगले गोल गरगरीत! सुकवताना त्यांना खळगा पडायचा, हवा गेलेल्या प्लॅस्टिकच्या चेंडूसारखा.

पुटिका तयार होण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली सोपी. पेशीच्या पृष्ठभागावर फुगवटा येतो, त्याची मान आवळत जाते आणि तो सुटून निघतो. या पुटिका जरा मोठ्या, अगदी हजार नॅनोमीटरपर्यंतच्या असू शकतात.

दुसरी तऱ्हा एक्सोसोमची, आणि ती भारी आहे. पेशीच्या पोटात आधी एक थैली असते. त्या थैलीची भिंत आतल्या बाजूला फुगते आणि आत इवल्या पुटिका सुटत जातात. बघता बघता थैलीचं डाळिंब होतं, आत दाणेच दाणे. मग हे डाळिंब सरकत सरकत पेशीच्या कडेशी येतं, त्याचं साल पेशीच्या आवरणाला चिकटतं, दोन्ही सालं एक होतात आणि दाणे बाहेर सांडतात. तेच एक्सोसोम.

करून बघा! ताटलीत पाणी घ्या आणि त्यावर गोडेतेलाचे चार-पाच थेंब टाका. काडीनं दोन थेंब हलकेच एकमेकांजवळ ढकला. क्षणभर ते शेजारी-शेजारी थबकतील आणि मग गपकन एक होतील. पुटिकेचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच असतं. पत्र पोचतं तेव्हा काही वेळा असंच होतं. पुटिकेचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि आतला मजकूर घरात!

धूळ म्हणून हिणवलेली

आता रद्दीची गोष्ट. १९४६ साल. अमेरिकेत न्यूयॉर्कला एर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट हे दोघं रक्त कसं गोठतं याचा अभ्यास करत होते. त्यांनी रक्तातल्या पेशी काढून टाकल्या. उरलं पिवळसर पाणी. ते सेंट्रिफ्यूजमध्ये घातलं. हे यंत्र कपडे पिळणाऱ्या वॉशिंग मशीनसारखं गरागरा फिरतं, फक्त कितीतरी जास्त वेगानं. जड ते तळाला बसतं, हलकं वर राहतं. तळाला थोडा गाळ बसला. हा गाळ काढून घेतला की उरलेलं पाणी गोठायला फार वेळ लावायचं, आणि गाळ परत घातला की ते लवकर गोठायचं! म्हणजे गाळात काहीतरी होतं. पण काय, ते दिसत नव्हतं.

पुढे १९६७ साली इंग्लंडमधल्या पीटर वुल्फ यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ते बारीक कण दिसले. ते प्लेटलेट नावाच्या रक्तकणिकांमधून सुटलेले होते. वुल्फ यांनी त्यांना नाव काय दिलं असेल? 'प्लेटलेटची धूळ'! रक्त गोठायला ही धूळ मदत करते, हे त्यांनी दाखवलं. पण नाव पडलं ते धूळच. आणि धुळीकडे कोण फारसं बघतं?

दार काढून फेकणारी पेशी

आता चला कॅनडात, मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात. इथे रोझ जॉनस्टोन नावाच्या संशोधक होत्या. जन्म पोलंडमधल्या वूच शहरातला, १९२८ सालचा. आठ वर्षांच्या असताना, १९३६ मध्ये, त्या आईबरोबर आणि बहिणीबरोबर कॅनडात आल्या. पुढे मॅकगिलच्या जीवरसायन विभागाच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री.

जॉनस्टोनबाईंना एक प्रश्न पडला होता. आपल्या रक्तातली लाल पेशी तयार होत असते, तेव्हा तिला लोह लागतं. लोहाशिवाय तिचा लाल रंग, म्हणजे हिमोग्लोबिन, बनत नाही. लोह आत घेण्यासाठी तिच्या अंगावर खास दारं असतात. पण पेशी मोठी झाली, हिमोग्लोबिन भरून झालं, की ही दारं गायब! गेली कुठं? पेशीनं ती आतल्या आत मोडून खाल्ली का?

त्यांनी मेंढीच्या कोवळ्या लाल पेशी घेतल्या आणि पाळत ठेवली. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात फिलिप स्टाल आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या जातीतल्या रॅट या प्राण्याच्या कोवळ्या लाल पेशींवर हेच कोडं सोडवत होते. दोन्ही प्रयोगशाळा वेगवेगळ्या, पण १९८३ साली दोघांनाही एकच उत्तर सापडलं. पेशी ती दारं मोडत नव्हती. छोट्या छोट्या पिशव्यांमध्ये घालून ती बाहेर टाकत होती! डाळिंबाची युक्ती माणसाला पहिल्यांदा दिसली ती इथे. या पिशव्यांसाठी जॉनस्टोनबाईंनी १९८७ साली एक्सोसोम हा शब्द वापरला आणि तोच रुळला.

पण बघा हं, गोष्टीत पिशव्या कशाच्या होत्या? नको असलेल्या सामानाच्या. सगळ्यांनी मान डोलावली, "असं होय, ही पेशीची कचऱ्याची पिशवी!" आणि पुढची कितीतरी वर्षं फार थोड्या लोकांनी ती पिशवी उघडून पाहिली.

"हा चेहरा लक्षात ठेवा!"

१९९६ साली नेदरलँड्समध्ये ग्रासा रापोझो आणि त्यांचे सहकारी आपल्या शरीराच्या सैनिकांकडे बघत होते. यातल्या बी पेशी जंतूचे तुकडे पकडतात आणि आपल्या अंगावर मिरवतात. ते बघून टी पेशी चवताळून उठतात. रापोझो यांना दिसलं, की बी पेशींनी बाहेर सोडलेल्या एक्सोसोमवरही तसेच तुकडे लावलेले आहेत. हे एक्सोसोम टी पेशींसमोर ठेवले, तर बी पेशी जवळ नसतानाही टी पेशी जाग्या झाल्या!

पोलीस चौकीबाहेर 'पाहिजे' म्हणून चोराचा फोटो लावलेला असतो ना? हे एक्सोसोम म्हणजे गावोगाव वाटलेले तसे फोटोच. कचऱ्याच्या पिशवीत चक्क निरोप निघाला होता.

उंदराची पाककृती, माणसाचं स्वयंपाकघर

आता माझा सगळ्यांत आवडता प्रयोग. २००७ साल, स्वीडनमधलं योतेबोरी शहर. हादी वलादी, यान लोटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सोसोम उघडून आरएनए शोधला. आरएनए म्हणजे काय? पेशीची पाककृतींची जाडजूड वही म्हणजे डीएनए. ती वही कुणी स्वयंपाकघरात चुलीशेजारी नेत नाही. हवी तेवढी पाककृती चिठ्ठीवर उतरवून घेतात. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए, आणि तिच्यावरून जो पदार्थ शिजतो तो म्हणजे प्रथिन.

एक्सोसोममध्ये अशा चिठ्ठ्या सापडल्या. पण चिठ्ठी सापडली म्हणून ती कुणी वाचली असं थोडंच होतं? चुकून पिशवीत पडली असेल तर?

मग त्यांनी नामी युक्ती केली. उंदराच्या पेशींचे एक्सोसोम घेतले आणि माणसाच्या पेशींना दिले. थोड्या वेळानं माणसाच्या पेशींमध्ये शोधलं, तर तिथे उंदराची प्रथिनं! माणसाच्या पेशींना ती बनवता येत नाहीत, त्यांच्या वहीत ती पाककृतीच नाही. म्हणजे चिठ्ठी आली होती, वाचली गेली होती आणि तिच्यावरून पदार्थसुद्धा शिजला होता!

या प्रयोगानंतर जगभरचे शास्त्रज्ञ आपापली जुनी रद्दी उचकायला लागले. लाळेत पुटिका असतात, अश्रूंत असतात, लघवीत असतात, आईच्या दुधातही असतात. जिवाणूही त्या सोडतात. समुद्रात प्रोक्लोरोकॉकस नावाचे कोट्यवधी इवले जीव तरंगत असतात, तेही पुटिका सोडतात, हे २०१४ साली कळलं. आणि २०१८ साली तर मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यानं कमालच केली. त्याच्या पानांवर बुरशी चढली, की ते एक्सोसोममधून बुरशीला छोटे आरएनए पाठवतं आणि तिचीच कामं बंद पाडतं. हे पत्र म्हणजे शत्रूच्या घरात सोडलेली धमकीची चिठ्ठी!

आणि पिनकोड?

"पण मावशी," भाची म्हणाली, "पत्रावर पत्ता नसेल तर ते पोचणार कसं?"

मी तिला निळ्या पत्रावरचे सहा आकडे दाखवले. पिनकोड. भारतात तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं. दिवसा टपालखातं सांभाळणारे वेलणकर संस्कृतचे कवीही होते.

पुटिकेवरही पत्ता असू शकतो. तिच्या बाहेरच्या अंगाला निरनिराळी प्रथिनं खोचलेली असतात. त्यांतली काही फुफ्फुसातल्या पेशींना नेमकी चिकटतात, काही यकृतातल्या. हे समजलं एका वाईट टपालामुळे. कॅन्सरच्या पेशीही पत्रं पाठवतात आणि दूरच्या अवयवाला सांगतात, "आम्ही मुक्कामाला येतोय, जागा करून ठेवा." न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटानं २०१५ साली उंदरांवर प्रयोग केले. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या गाठीचे एक्सोसोम त्यांनी उंदरांना आधीच दिले. तर हाडांकडे जाणाऱ्या कॅन्सर पेशीसुद्धा वाट बदलून फुफ्फुसात गेल्या! आणि पत्त्याचं काम करणारी इंटिग्रिन नावाची प्रथिनं अडवली, तर हे टपाल आणि मागून येणारे पाहुणे दोन्ही कमी झाले.

म्हणजे पत्ते वाचता आले, तर वाईट पत्रं वाटेत अडवता येतील. पत्ता लिहिता आला, तर पुटिकेत औषध भरून हव्या त्या अवयवाला पोचवता येईल. आणि मजकूर वाचता आला, तर थोडी लघवी किंवा चार थेंब रक्त तपासून आतल्या अवयवाचं दुखणं लवकर ओळखता येईल. या तिन्ही वाटांवर आज संशोधन चालू आहे.

सोपं मात्र काही नाही. या पुटिका वेगळ्या काढायला गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोरानं फिरणारी यंत्रं लागतात, आणि एवढं करूनही त्याच आकाराचे चरबीचे कण त्यांच्यात मिसळतात. त्यामुळे 'एक्सोसोमनं सगळे आजार बरे' किंवा 'एक्सोसोमनं चेहरा उजळ' असं कुणी म्हणालं, तर जरा थांबा. अशी उत्पादनं टोचून घेतलेले काही लोक अमेरिकेत आजारी पडले, तेव्हा २०१९ साली तिथल्या औषध-नियामक संस्थेला लोकांना बजावावं लागलं, की आम्ही एकाही एक्सोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही.

तर पत्रात काय होतं?

चकलीच्या भाजणीचं प्रमाण! तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, धने-जिरे मूठभर. ताईची लग्नानंतरची पहिली दिवाळी आणि आजीची चकली रत्नागिरीहून ठाण्याला टपालानं आलेली.

"म्हणजे हा आरएनएच की!" भाची ओरडली. रद्दीवाले काका दचकले.

लगेच भाजणी करायची ठरलं. पण मोहन किती घालायचं, ते लिहिलेला कोपरा नेमका कसरीनं खाल्लेला. भाचीनं आजीला फोन लावला.

"अगं, त्यात काय एवढं? अंदाजानं घाल!"

अंदाजानं घातलं. पहिला घाणा तेलात गेला आणि विरघळून त्याचा चुरा झाला. मोहन जास्त झालं होतं. दुसऱ्या घाण्याला कमी घातलं, तर चकल्या अशा कडक झाल्या की दाताखाली फुटेनात. भाची वहीत चमच्यांचा हिशेब लिहीत होती. तिसरा घाणा कुरकुरीत उतरला. ताईनं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आजीच्याच हातची!"

मागे वळून पाहिलं, तर भाची परत हॉलमध्ये पळाली होती. तिनं सुतळी सोडून सगळे गठ्ठे मोकळे केले होते आणि ती एकेक कागद उलटून बघत होती. रद्दीवाले काका दारात बसून आमच्या दुसऱ्या घाण्यातली चकली चावत होते. त्यांना बराच वेळ लागणार होता.